डब्ल्यूडी हिच लावूनसुद्धा जाताना शेपूट खाली आणि येताना ट्रेलर डुलतोय? आधी काट्यावर चला

तक्रार अशी, की ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) जोडला की गाडीचं बूड खाली बसतं, नाक वर जातं, हेडलाइट रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत, स्टीअरिंग एकदम हलकं लागतं, आणि बाजूने मोठा ट्रक गेला की मागचा ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. मग माणूस वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे ट्रेलरचं वजन सगळ्या चाकांवर वाटणारी जोडणी, आणतो (पुढे नुसतं डब्ल्यूडी म्हणतो, दरवेळी एवढं टाइप करायचा कंटाळा), लावतो, दोन ट्रिपा मस्त जातात आणि तिसऱ्या ट्रिपला ये रे माझ्या मागल्या.

माझं दीड वर्ष हेच चाललं होतं. हिचच्या चेनची एक कडी अजून ओढून बघितली, मग वेगळा फ्रिक्शनवाला स्वे बार (डुलणं घर्षणाने अडवणारा दांडा) लावला, मग मागच्या सस्पेन्शनला एअर बॅगा (हवा भरायचे फुगे, अपघातात उघडतात त्या नव्हेत) टाकल्या. एअर बॅगांनी गाडी दिसायला झकास सरळ झाली आणि मी खूश, पण स्टीअरिंग तसंच हलकं. होणारच ना, एअर बॅग मागचा भाग फक्त उचलून धरते, मागच्या चाकांवरचं वजन पुढच्या चाकांवर नेऊन देत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असला प्रकार. गाडी सरळ दिसणं आणि वजन सरळ वाटलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला फार उशिरा कळलं.

आधी थोडक्यात की डब्ल्यूडी करतं काय. ट्रेलरचं नाक, म्हणजे टंग, गाडीच्या मागच्या एक्सलच्याही मागे चार-पाच फुटांवर टेकतं. तिथे वजन पडलं की मागचा एक्सल टेकू होतो आणि पुढची चाकं उचलली जातात, बैलगाडीत मागे जास्त माल भरला की ती उलाळ होते ना, तसंच. डब्ल्यूडीचे दोन स्प्रिंग बार हिचच्या डोक्यात बसतात आणि त्यांची दुसरी टोकं ट्रेलरच्या फ्रेमला चेनने किंवा ब्रॅकेटने वर ओढून अडकवतात. हातगाडीचे दांडे उचलल्यासारखंच, त्या ताणामुळे मागच्या एक्सलवरचं काही वजन पुढे जातं आणि काही मागे ट्रेलरच्या एक्सलवर जातं. वजन कमी होत नाही हां, फक्त वाटलं जातं. त्यामुळे "डब्ल्यूडी लावलं की गाडी जास्त ओढू शकते" हे साफ खोटं आहे, गाडीची जी मर्यादा आहे ती आहे. फक्त रिसीव्हरच्या (गाडीखालच्या ज्या चौकोनी नळीत हिच बसतं तिच्या) स्टिकरवर बऱ्याचदा दोन आकडे असतात, एक नुसत्या बॉलसाठी (ज्या गोळ्यावर ट्रेलर बसतो तो) आणि एक डब्ल्यूडीसाठी. माझ्या रिसीव्हरवर नुसत्या बॉलला ५०० पाउंड टंग वेट (टंग खाली जेवढं वजन देतं ते) आणि डब्ल्यूडीला १,२०० लिहिलंय. हा स्टिकर गाडीखाली वाकून बघावा लागतो, त्यावर चिखल असतो, म्हणून कोणी बघत नाही. आणि काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये डब्ल्यूडी लावूच नका असंही स्पष्ट लिहिलेलं असतं, तसं असेल तर विषय तिथेच संपला, बळंच लावू नका.

आता माझी मूळ चूक. ट्रेलरच्या माहितीपत्रकात टंग वेट ५४० पाउंड होतं, म्हणून मी ६०० पाउंडचे बार घेतले. वरती ६० शिल्लक, झालं की, असं वाटलं. पण तो आकडा कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचा असतो. त्यात गॅसच्या टाक्या बऱ्याचदा भरलेल्या नसतात, बॅटरी बहुतेक वेळा धरलेलीच नसते, आणि या दोन्ही गोष्टी बरोब्बर टंगवरच बसवलेल्या असतात. ३० पाउंड गॅस मावणारी टाकी भरल्यावर टाकीसकट साधारण ५४-५५ पाउंड होते, माझ्याकडे दोन आहेत, म्हणजे तिथेच ११० गेले, बॅटऱ्या वेगळ्या. त्यात पुढचा मोठा कप्पा म्हणजे घरातली अडगळीची खोली, ट्रेलर सपाट उभा करायच्या फळ्या, होस, खुर्च्या, हत्यारांची पेटी, जे हाताला लागेल ते आत.

टंग वेट घरी मोजता येतं, बाथरूमच्या वजनकाट्यावर. त्याला पेलणार नाही म्हणून तरफ करायची. एक मजबूत लाकडी तुळई घ्या, एका टोकाखाली विटा आणि त्यावर पाइपचा तुकडा, दुसऱ्या टोकाखाली वजनकाटा आणि त्यावरही पाइप. दोन पाइपमध्ये बरोबर तीन फूट अंतर ठेवायचं, आणि टंग जॅकचा पाय विटांकडच्या पाइपपासून एक फुटावर आणि काट्याकडच्या पाइपपासून दोन फुटांवर टेकवायचा. काट्यावर जे येईल त्याला तीनने गुणा. तुळई ठेवून झाल्यावर काटा शून्य करून घ्या नाहीतर तिचं वजन पण धरलं जाईल, आणि ट्रेलरच्या चाकांना पुढे-मागे ठोकळे लावल्याशिवाय हे करू नका. कपलर (ट्रेलरचा बॉलवर बसणारा भाग) जॅकच्या थोडा पुढे असल्यामुळे खरा आकडा किंचित कमी असतो, पण आपल्या कामाला चालतं. माझ्या काट्यावर २७८ आले. गुणिले तीन, ८३४. मी तीनदा परत मोजलं, बायको म्हणाली अरे काटा बिघडलाय असं मी वजन केल्यावर तू मला कधी म्हणत नाहीस.

मग पक्कं करायला ट्रकच्या काट्यावर गेलो. ट्रिपला निघतो तसंच सगळं भरून, माणसं बसवून, पाण्याची टाकी फुल. तीन वजनं करायची. एक नुसती गाडी, दोन ट्रेलर जोडून पण बार न लावता, तीन बार लावून. नुसत्या गाडीचं पुढचा एक्सल ३,२६० आणि मागचा २,९००. ट्रेलर जोडल्यावर बार न लावता पुढचा २,९००, मागचा ४,०९०, ट्रेलरचे एक्सल ५,७७०. म्हणजे पुढचे ३६० पाउंड उडाले आणि मागच्या एक्सलवर ११९० चढले. गाडी एकूण ६,१६० ची ६,९९० झाली, फरक ८३०, म्हणजे टंग वेट ८३०, बाथरूमचा काटा खरं बोलत होता. ट्रेलर एकूण ६,६००, त्यामुळे टंग साडेबारा टक्के, ट्रॅव्हल ट्रेलरला १० ते १५ टक्के लागतं त्यात छान बसतंय. पण माझ्या मागच्या एक्सलची मर्यादा दाराच्या स्टिकरवर ३,८५० आहे. त्याच्या वर मी किती ट्रिपा केल्या असतील देव जाणे, कारण ते ६०० चे बार एवढ्या वजनाला नुसते वाकत होते, पुरेसं काम करत नव्हते.

आता दोन ट्रिपा बरं आणि तिसऱ्याला वाईट असं का व्हायचं, ते यातच लपलेलं होतं. माझ्या ट्रेलरची पिण्याच्या पाण्याची टाकी ४० गॅलनची, एक्सलच्या पुढे. एक गॅलन पाणी ८.३४ पाउंड, म्हणजे पूर्ण टाकी ३३४ पाउंड. टाकी एक्सलपासून साडेचार फूट पुढे आणि बॉल एक्सलपासून एकोणीस फुटांवर, त्यामुळे त्यातले ७८-८० पाउंड टंगवर येतात. जिथे मुक्कामाला नळ असायचा तिथे मी टाकी रिकामी न्यायचो, ट्रिप बरी जायची. जिथे नळ नाही तिथे फुल भरून न्यायचो, शेपूट खाली. मी मात्र दोष देत होतो रस्त्याला, वाऱ्याला आणि ज्याने हिच बसवून दिलं त्याला.

येताना उलटं. पुढची टाकी रिकामी झालेली, सांडपाण्याची टाकी एक्सलच्या मागे ती भरलेली, टंगवरचे अजून ८० गेले. वर परतीच्या दिवशी आवराआवरीचा सगळ्यांना कंटाळा, म्हणून पुढच्या कप्प्यातलं ८० पाउंड सामान आम्ही सरळ मागच्या बंकवर (झोपायच्या बाकावर) फेकायचो, त्याने शंभर-एक पाउंड टंगवरून कमी होतात कारण सामान नुसतं पुढून निघत नाही तर मागे जाऊन उलटं वजन देतं. हिशोब केला तर ८३० चे ५७० उरले, ट्रेलर साधारण ६,५०० चा, म्हणजे पावणेनऊ टक्के. दहाच्या खाली गेलं की ट्रेलर डुलायचा धोका फार वाढतो. तिथे कितीही भारी हिच लावा.

म्हणून माझं मत असं झालंय, की बार निवडायचे ते सगळ्यात जड दिवसावरून आणि सामान लावायचं ते सगळ्यात हलक्या दिवसाचा विचार करून. बार निवडताना टंग वेटमध्ये अजून एक गोष्ट मिळवायची जी बरेच जण विसरतात, गाडीच्या मागच्या एक्सलच्या मागे ठेवलेलं सामान. जनरेटर, कूलर वगैरे माझं १२० पाउंड होतं, ८३० आणि १२० मिळून ९५०, म्हणून १,००० चे बार घेतले. (रिसीव्हरच्या मर्यादेत हे १२० धरायचे नाहीत, ते रिसीव्हरवर नसतात. तिथे टंग वेट आणि हिचचं स्वतःचं वजन धरा, हिचच ७५ ते १०० पाउंड असतं.) बाजारात साधारण ६००, ८००, १,०००, १,२००, १,४०० असे बार मिळतात. मग सरळ १,४०० चेच का नाही घ्यायचे, पुढेमागे मोठा ट्रेलर घेतला तर? नको. नाकापेक्षा मोती जड. बार फार कडक असले की लवचीकपणा राहत नाही, रस्त्यातला प्रत्येक खड्डा दाणकन फ्रेमला आणि रिसीव्हरला बसतो आणि गाडीत बसलेल्यांची हाडं खिळखिळी होतात.

बार बदलूनही पहिल्या दिवशी फार फरक पडला नाही, कारण हिचचं डोकं सरळ उभं होतं. हा दुसरा मोठा घोळ. डोकं मागच्या बाजूला थोडं झुकलेलं पाहिजे म्हणजे बारची टोकं खाली राहतात आणि वर ओढल्यावर खरा ताण येतो. हे झुकवणं बऱ्याच हिचमध्ये वॉशरनी होतं, वॉशर वाढवला की कल वाढतो. कल नसेल तर लोक काय करतात, चेन ओढत बसतात. मी तेच केलं होतं, इतकी ओढली होती की बार आणि ब्रॅकेटच्या मध्ये दोनच कड्या उरल्या होत्या. बहुतेक चेनवाल्या हिचमध्ये किमान पाच कड्या मोकळ्या लागतात, नाहीतर वळताना चेनला हलायला जागाच राहत नाही आणि कोपऱ्यावर काहीतरी तुटतं. ताण हवा असेल तर वॉशर वाढवा, कड्या कमी करू नका.

सेटिंग बरोबर झालं का हे बघायला पुढच्या चाकाच्या बरोबर मधोमध जमिनीपासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत टेप लावायची, सपाट जागेवर, सगळं सामान भरलेलं असताना. माझं ट्रेलरशिवाय साडेछत्तीस इंच, ट्रेलर जोडून बार न लावता साडेसदतीस, म्हणजे एक इंच उचललं. बार लावल्यावर किती खाली यायला हवं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, काही कंपन्या अर्धं परत आणा म्हणतात काही पूर्ण, माझ्या गाडीला अर्धं आहे म्हणून ३७ वर थांबलो. मूळ साडेछत्तीसच्या खाली मात्र नेऊ नका. जास्त ओढलं की मागची चाकं हलकी होतात आणि वळणावर गाडीचं बूड घसरायला बघतं, ते पहिल्यापेक्षा वाईट. ट्रेलर पण बघा, तो सपाट किंवा नाकाकडे अगदी किंचित खाली असला पाहिजे, नाक वर असेल तर बॉलची उंची चुकलीये.

परत काट्यावर गेलो. पुढचा ३,०८०, मागचा ३,८२०, ट्रेलर ५,८६०. गेलेल्या ३६० पैकी १८० परत आले, मागचा एक्सल ३,८५० च्या खाली आला, फक्त ३० पाउंडाने, पण आला. एक कूलर ट्रेलरच्या आत एक्सलवर हलवला की अजून थोडी जागा होते. तो कागद मी गाडीच्या कप्प्यात ठेवलाय.

आता डुलण्याबद्दल, कारण लोक डब्ल्यूडी आणि स्वे कंट्रोल एकच समजतात. डब्ल्यूडी वजन वाटतं, स्वे कंट्रोल ट्रेलरला डावीउजवीकडे फिरायला अडवतं. साध्या गोल बार आणि चेनवाल्या हिचमध्ये स्वे कंट्रोल जवळपास नसतंच, वेगळा फ्रिक्शन बार लावावा लागतो, आणि तो रिव्हर्स घ्यायच्या आधी काढावा लागतो, नाहीतर वाकतो. मी एकदा विसरलोय. कटकन आवाज आला आणि शेजारच्या ट्रेलरवाल्या काकांनी चहाचा कप घेऊन येऊन मला तो वाकलेला दांडा शांतपणे हातात दिला, एक शब्द न बोलता. ब्रॅकेटवर घासून घर्षण देणारे चार ठिकाणी धरणारे हिच येतात, त्यात रिव्हर्सला काही काढावं लागत नाही, माझ्याकडे आता तेच आहे आणि सहा-सात हजार पाउंडच्या ट्रेलरला मला तेच योग्य वाटतं. कॅमवाले असतात, त्यात बार सरळ रेषेत खाचेत बसतात आणि ट्रेलरला मधे ठेवायचा प्रयत्न करतात. आणि लिंकेजवाले जे वळायचा बिंदूच पुढे मागच्या एक्सलच्या जवळ नेल्यासारखं करतात, ते डुलणं मुळात सुरूच होऊ देत नाहीत, पण ते जड असतात आणि जोडताना रांगेत आणायला सवय लागते. लांब ट्रेलर आणि आखूड गाडी असेल तर त्यांचा विचार करा, बाकीच्यांनी आधी सामान नीट लावा. ट्रेलरला सर्ज ब्रेक (गाडी थांबताना ट्रेलर पुढे ढकलला गेला की आपोआप लागणारे) असतील तर हिच त्यांच्याबरोबर चालतं का हे लिहिलेलं बघूनच घ्या, सगळे चालत नाहीत.

डुलणं सुरू झालंच तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका आणि स्टीअरिंगने ट्रेलरच्या मागे मागे धावू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरवरची (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणारी डबी) ट्रेलर ब्रेकची पट्टी हाताने दाबा, म्हणजे ट्रेलर मागून ओढला जाऊन सरळ होतो. ही पट्टी कुठे आहे हे बोटाला माहीत पाहिजे, त्या क्षणी शोधत बसायला वेळ नसतो. रिकाम्या मैदानात दोनदा दाबून बघा.

बार चढवताना मी आधी लोखंडी पाइप घालून सगळा जोर लावायचो, दोनदा पाइप सुटून नडगी वाचली. सोपं असं की कपलर बॉलवर लॉक केल्यावर टंग जॅकने ट्रेलर आणि गाडीचं बूड दोन्ही मिळून वर उचलायचं, चांगलं चार-सहा इंच, मग बार हातानेच वर जातात. उतरवताना पण तसंच.

वळताना करकर, कुरकुर आवाज येतो का? घर्षणवाल्या हिचचा तो आवाजच असतो, त्याला घाबरू नका. पण म्हणून ब्रॅकेटवर जिथे घर्षण व्हायचं तिथे ग्रीस चोपडू नका, ग्रीस बॉलला आणि मॅन्युअल सांगेल तिथेच, नाहीतर स्वे कंट्रोल गेलं. ठक्क असा एकच मोठा आवाज दरवेळी येत असेल तर मात्र गाडी थांबवून बॉलचा नट आणि हिचच्या डोक्याचे बोल्ट बघा, ते नवीन बसवल्यावर पहिल्या प्रवासात थोडे बसतात आणि परत टॉर्क लावून घ्यावे लागतात. आणि बॉलचा आकार कपलरवर जो छापलाय तोच, २ इंचाच्या बॉलवर २-५/१६ चा कपलर वरवर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या धक्क्याला उडतो.

परतीच्या दिवशीचं माझं आता ठरलंय, सांडपाण्याची टाकी मुक्कामावरच रिकामी करायची, पुढची टाकी अर्धी भरून घ्यायची आणि मागच्या बंकवर उशांशिवाय काही ठेवायचं नाही. मुलं विचारतात पाणी उगीच घरी का नेतोय. त्यांना सांगितलं ते पाणी नाहीये, ते टंग वेट आहे.